हाकेआधीचं उत्तर

"चुना पातळ झालाय," आत्याबाई म्हणाल्या. "असल्या चुन्यानं रंगवलंस तर बेनू म्हणेल, बायकोनं माझ्या कबरीवर ताक शिंपडलं."

मी कुंचला बादलीच्या काठावर आपटला. "तो काही म्हणणार नाही, आत्याबाई."

"गप्प बसणाऱ्यातला होता का तो?"

ते मात्र खरं होतं. माझा नवरा बेंजामिन, सगळ्या गावाचा बेनू, घडीभर गप्प बसला नसेल. एसटी स्टँडसमोर त्याचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता भजनं शिट्टीवर वाजवायचा. चर्चमध्ये उपदेश लांबला की तिथंही त्याची शिट्टी सुरू व्हायची, अगदी बारीक, आणि मी बायकांच्या बाजूला बसून त्याच्यावर डोळे वटारायची. तो आणखी जोरात वाजवायचा.

सासूला आमच्या नगरकडच्या खेड्यांत आत्याबाई म्हणतात. माझी सासू राहेलबाई अंगानं काडी, पण तोंड उघडलं की चार घरं कान देऊन ऐकायची. त्यातून ते दिवस उपासाचे होते. इस्टरच्या आधी आमच्यात ज्यानं त्यानं काहीतरी सोडायचं असतं. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू. आत्याबाई चहा सोडायच्या. कुणी सांगितलं होतं देव जाणे. पण एकदा त्यांचा चहा सुटला की घरात बोलायची सोय उरायची नाही. दुधवाल्यानं आमच्या दारात घंटी वाजवायचीसुद्धा बंद केली होती.

तर तो इस्टरच्या आदला दिवस, शनिवार. त्या दिवशी आमच्या बोरटेकात घरोघरची माणसं टेकाडावरच्या कबरस्तानात जातात, गवत उपटतात, आपापल्या माणसांच्या कबरी चुन्यानं रंगवतात. कारण दुसऱ्या दिवशी, प्रभू कबरीतून उठला त्या सणाला, पहाटे सगळी मंडळी तिथंच उपासनेला जमायची असते. सूर्य वर आला की एकानं मोठ्यानं हाक द्यायची, "प्रभू उठला आहे." बाकीच्या सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे." मग ढोलकी, गाणी, उकडलेली अंडी, चहा. असं सगळीकडंच असेल. पण आमच्या गावाची एक खोड आहे. ही हाक आमच्याकडं चर्चचे पाळक देत नाहीत. त्या वर्षात ज्या घरात मरण झालं, त्या घरच्या माणसानं ती द्यायची. त्यातही ज्यानं कबरीत पहिली मूठ माती टाकली, त्यानंच.

त्या वर्षी गावात एकच मरण झालं होतं. आणि पहिली मूठ मी टाकली होती.

खरं तर मान आईचा होता. पण त्या दिवशी आत्याबाई कबरीच्या काठाशी मूठ आवळून नुसत्या उभ्या राहिल्या. लोक थांबले, पाळकसाहेब थांबले, शेवटी कुणीतरी माझ्या हातात माती दिली.

बेनूला कावीळ झाली तेव्हा चर्चच्या मंडळीनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. नगरच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. घरात उपास-प्रार्थना बसली. बाया पाळीपाळीनं यायच्या, माझ्या चुलीवर भाकरी टाकून जायच्या. मी प्रत्येकीच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. तो बरा होणार ह्यात मला तिळाएवढी शंका नव्हती. आणि तो गेला. पावसाळ्याच्या शेवटी गेला. तेव्हापासून मी चर्चला जायची ती आत्याबाई हाताला धरून नेत म्हणून. गाण्यात नुसते ओठ हलवायची. मला त्या सगळ्याचा राग आला होता, आणि रागाखाली काहीच उरलं नव्हतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण खाटेखाली माझी पिशवी भरून ठेवलेली होती. सण झाला की संगमनेरला माहेरी जायचं, आणि पुन्हा कुठल्याही चर्चची पायरी चढायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

कबरीचं एक अंग रंगवून झालं तेवढ्यात भिंगारदिवे पाळकसाहेब टेकाड चढून आले. तरुण होते, पहिलीच नेमणूक होती. घामानं चष्मा सारखा नाकावरून घसरायचा.

"सलाम, राहेलबाई. सलोमीबाई, उद्याची हाक तुमची. जरा मोठ्यानं द्या, म्हणजे मागपर्यंत पोचेल."

"मी देणार नाही," मी म्हटलं.

"आवाज बसलाय का?"

"आवाज चांगला आहे. मला ते खरं वाटत नाही."

"काय खरं वाटत नाही?"

"तेच. प्रभू उठला आहे, हे. आधी वाटायचं, आता वाटत नाही. आणि बेनूच्या उशाशी उभी राहून मी खोटं बोलणार नाही, पाळकसाहेब. तो जिवंत असताना त्याच्याशी कधी खोटं बोलले नाही."

"बोललीस," आत्याबाई कुंचला फिरवत म्हणाल्या. "नाताळात करंज्या मी केल्या असं सांगितलंस त्याला. केल्या होत्या मी."

पाळकसाहेबांना हसावं की गंभीर राहावं कळेना. "सलोमीबाई, विश्वास म्हणजे कसं असतं..." त्यांनी सुरुवात केली.

"पाळकसाहेब, उन्हात उभे राहू नका," आत्याबाई म्हणाल्या. "पित्त होईल."

पलीकडं लाजरसकाका गवत उपटत होते. लाजरसकाका म्हणजे मंडळीचे वडील पंच. चर्चची घंटाही तेच वाजवायचे आणि सणाचा चहाही तेच करायचे. पाळकसाहेब त्यांच्याकडं वळले. "काका, ह्यांच्याऐवजी मी दिली हाक तर?"

"तुम्ही कशाला? तुमच्या घरात कोण मेलंय?"

"मग राहेलबाई देतील. त्या आई आहेत."

"पहिली माती हिनं टाकली. हाक हिचीच."

"आणि ह्यांनी दिलीच नाही तर?"

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "तसं कधी झालं नाही."

"पण झालं तर?"

"तर सण सुरूच होणार नाही. उभे राहू."

"किती वेळ?"

"ते मला काय माहीत? झालंच नाही ना कधी."

पाळकसाहेब माझ्याकडं बघत राहिले. बिचाऱ्याचा पहिला इस्टर होता. मला त्याची दया आली, पण माझं मन काही हललं नाही. सगळ्या गावाचा सण माझ्या तोंडावर अडकलाय हे मला कळत होतं. कळून काय करू? खोटी हाक देऊन सगळ्यांना चहा पाजू?

संध्याकाळी आत्याबाईंनी मोठ्या पातेल्यात सणाची अंडी उकडायला ठेवली. मी चुलीपुढं बसले होते. त्यांनी मला सकाळच्या बोलण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्याचाच मला जास्त त्रास होत होता. शेवटी मीच विचारलं.

"आत्याबाई, तुम्हाला खरं वाटतं का हो?"

"कधी कधी."

मी दचकलेच. ही बाई पहाटे उठून गुडघ्यावर बसणारी. "कधी कधी म्हणजे?"

"रविवारी वाटतं. सोमवारी जातं. बुधवारच्या प्रार्थनेला गेले की थोडं परत येतं. बेनू गेल्यावर तर किती दिवस फिरकलंच नव्हतं."

"मग तुम्ही रोज गुडघ्यावर बसून काय करता?"

"बसते. आलं तर घरी कुणीतरी असावं म्हणून." त्यांनी काठीनं जाळ सारखा केला. "आणि खाटेखालची पिशवी बाहेर काढून ठेव. तिथं घूस फिरते. तुझी ती चांगली साडी कुरतडेल."

मी चुलीत एक काटकी सरकवली. अंडी पातेल्यात एकमेकांवर आपटत राहिली.

पहाटे ढोलकी-झांजा वाजवत प्रभातफेरी आमच्या दारावरून निघाली. आत्याबाईंनी धुवट पांढरं लुगडं नेसलं होतं. त्यांच्या ओच्यात मोगऱ्याची फुलं होती, ओंजळभर. आमच्या दाराशी तेलाच्या रिकाम्या डब्यात तो मोगरा होता. ऐन टंचाईत त्या पिण्याच्या पाण्यातला तांब्याभर त्याला घालायच्या, आणि त्यावरून मी सहा महिने त्यांच्याशी भांडत होते. आम्ही दोघी फेरीच्या मागं राहिलो, कारण त्यांना चढ झेपत नव्हता.

"सलोमी," टेकाडाच्या पायथ्याशी त्या थांबल्या. "त्या दिवशी मी माती टाकली नाही ना."

"हात थरथरत होता तुमचा."

"कुठला थरथरतोय? मला टाकायचीच नव्हती. सगळे म्हणत होते तो प्रभूजवळ गेला, आणि मी म्हणत होते, माझ्या पोराच्या अंगावर माती टाकायला सांगतंय कोण मला. मूठ तशीच घरी आणली. रात्रभर उघडली नाही. सकाळी मोगऱ्याच्या डब्यात टाकली."

इतके महिने ज्या पाण्यावरून मी त्यांना बोलत होते, ते पाणी कशाला घालत होत्या ते मला तेव्हा कळलं. मला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की चालता येईना.

"मग आज ही फुलं?" मी कसंबसं विचारलं.

"त्याची आहेत, त्याला देते. चल आता. उशीर झाला तर तो लाजरस चहात पाणी वाढवतो."

वर पोचलो तेव्हा उजाडू लागलं होतं. रंगवलेल्या कबरी पांढऱ्याफेक दिसत होत्या. निंबाला मोहर आला होता, सगळीकडं त्याचा वास. फाटकाशी तीन दगडांच्या चुलीवर लाजरसकाकांनी चहाचं पातेलं चढवलेलं होतं. मंडळी बेनूच्या कबरीभोवती गोल उभी राहिली, मला वाट करून दिली, आणि मी उशाशी जाऊन उभी राहिले. आत्याबाईंनी फुलं वाहिली आणि माझ्या समोर, कबरीच्या पायाशी उभ्या राहिल्या.

पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला. अगदी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरीकडं निघालेल्या बायका. त्यांतली एक माझ्याच नावाची. लहानपणापासून ऐकत आले होते, माझं नाव आलं की रविवारच्या शब्बाथशाळेत पोरी मला चिमटा काढायच्या. पण त्या बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्याच नाहीत, इथं पाळकसाहेब थांबले. पान मिटलं. आदल्या दिवशी ते माझ्याशी जे बोलू शकले नव्हते, ते त्यांनी बहुतेक तेवढ्या थांबण्यात सांगितलं. मला तेव्हा ते टोमण्यासारखं लागलं. पुढं कळलं की त्यात टोमणा नव्हता, त्या बायकांनाही तेव्हा बोलता आलं नव्हतं एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

सूर्याची कड डोंगरावर आली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. निदान प्रयत्न करावा असं त्या मोगऱ्याच्या फुलांकडं बघून वाटलं होतं. पण आतून काही येईना. बेनूचं पिवळं पडलेलं तोंड दिसायला लागलं, आणि सगळ्या त्या प्रार्थना, आणि माझं ते आमेन. मी तोंड मिटलं आणि मान हलवली.

सूर्य निम्मा वर आला. कुणी खोकलं. ढोलकीवाल्यानं ढोलकी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. पाळकसाहेबांचा चष्मा घसरला तरी त्यांनी वर केला नाही. सूर्य पुरता वर आला, निंबाच्या शेंड्यावर ऊन पडलं. कुणी जागचं हललं नाही. लाजरसकाका म्हणाले होते तसे सगळे उभे राहिले. मला वाटलं, आता संपलं. आता खाली जायचं, पिशवी उचलायची आणि एसटी धरायची. जायचं तर मीच ठरवलं होतं, मग रडू कशाला येतंय, ते समजत नव्हतं.

तेवढ्यात समोरून आवाज आला, खणखणीत.

"खरोखर उठला आहे."

आत्याबाई होत्या. हात जोडलेले, नजर सरळ माझ्यावर.

सगळे चमकले. मी तर बघतच राहिले. "आत्याबाई," मी हळू म्हटलं, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "मी अजून काही म्हटलंच नाही."

"माहितीय मला," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तेव्हा म्हण. उद्या म्हण, पुढच्या वर्षी म्हण. माझं उत्तर तयार आहे, ते मी देऊन टाकलं. चाळीस दिवस चहा घेतला नाही मी, बाई. तिकडं पातेलं उतू चाललंय आणि उत्तर तुझ्यासाठी किती वेळ धरून ठेवू?"

फाटकाशी खरंच फस्स झालं. लाजरसकाका "आयला" म्हणत पळाले, इस्टरच्या सकाळी, कबरस्तानात, वडील पंच असून. आधी कोण हसलं ते ठाऊक नाही. मला वाटतं पाळकसाहेबच. मग बायका पदर तोंडाला लावून, मग पुरुष, मग सगळं टेकाड हसायला लागलं. मीही हसले. बेनू गेल्यापासून पहिल्यांदा मी हसले, आणि हसता हसता माझं रडू फुटलं, आणि कुठलं कुठं संपतंय ते मला सांगता आलं नसतं.

आणि त्या हसण्यातच लाजरसकाकांनी चुलीपाशी बसल्या बसल्या पातेल्यावरून झाकणी काढत म्हटलं, "खरोखर उठला आहे." मग ढोलकीवाल्यानं म्हटलं. मग बायकांच्या बाजूनं, मग सगळ्यांनीच. माझ्या हाकेची वाट न बघता आख्ख्या मंडळीनं मला उत्तर दिलं. कुणी बळजबरी केली नाही, कुणी डोळ्यांनी दटावलं नाही. ही सगळी माणसं माझ्या घरी भाकरी टाकून गेलेली. त्यांनीही बेनूसाठी मागितलं होतं आणि त्यांनाही मिळालं नव्हतं. मी एकटीनंच आमेन म्हटलं नव्हतं. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

तेव्हा माझ्या तोंडून हाक गेली. ठरवून गेली नाही. नाक वाहत होतं, आवाज फाटला होता.

"प्रभू उठला आहे."

त्या क्षणी मला सगळं पुन्हा खरं वाटायला लागलं, असं मी सांगणार नाही. पण ते खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. मी घरी होते, एवढं मात्र नक्की वाटलं.

आत्याबाईंनी लगेच तोंड वाकडं केलं. "आता आणखी एकदा उत्तर द्यायचं का? माझा घसा सुकलाय."

मग गाणं सुरू झालं. ढोलकी लागली, आणि मी ते गाणं शिट्टीवर धरलं. बेनूनं मला शिकवलं होतं, दुकानात, कुणी नसताना. बाईमाणसानं शिट्टी वाजवायची नसते, त्यातून विधवेनं, त्यातून नवऱ्याच्या कबरीवर. आत्याबाईंनी माझ्यावर डोळे वटारले. मी आणखी जोरात वाजवली.

चहा झाला तेव्हा आत्याबाई एका कबरीच्या कट्ट्यावर टेकल्या, बशीत चहा ओतला, डोळे मिटले आणि पहिला घोट घेतला. त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते बघून पाळकसाहेब म्हणाले, "राहेलबाई, तुम्ही आज उपासनेचा क्रमच उलटा केलात."

"पुढच्या वर्षी सरळ करा," त्या म्हणाल्या. "आज साखर कमी आहे, ते बघा आधी."

पुढच्या वर्षी काही सरळ झालं नाही. ज्याची हाक होती तो बाप्या कबरीशी जाऊन उभा राहिला आणि आत्याबाईंनी त्यालाही आधीच उत्तर दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आमच्याकडं आता तीच रीत आहे, आधी उत्तर येतं, मग हाक. नवे पाळक आले की गोंधळतात, त्यांना समजावून सांगावं लागतं. माझी पिशवी मी त्याच सोमवारी रिकामी केली. साडी घुशीनं कुरतडलीच होती.

आत्याबाई पुष्कळ जगल्या. सोमवारी जायचं आणि बुधवारी यायचं, ते त्यांचं शेवटपर्यंत चाललं. माझंही तसंच चालतं, पण दोघी होतो, एकीचा सोमवार असला तर दुसरीचा रविवार असायचा. त्या थंडीच्या दिवसांत गेल्या. पहिली मूठ माती मी टाकली. दुसरी मूठ आवळून घरी आणली आणि मोगऱ्याला घातली.

त्या इस्टरला हाक पुन्हा माझी होती. बेनूच्या शेजारची नवी कबर मी घट्ट चुन्यानं रंगवली होती, त्यात त्यांना नाव ठेवायला जागा ठेवली नव्हती. सूर्य आला. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मी गप्प उभी राहिले. भिंगारदिवे पाळकसाहेबांची केव्हाच बदली झाली होती. नवे होते ते पुढं झुकून म्हणाले, "बाई, हाक द्यायची आहे ना?"

"देते," मी म्हटलं. "आधी उत्तर येऊ द्या."

कुणी पुढं होईना. ती जागा आत्याबाईंची होती, तिथं तोंड घालायचं धाडस कुणाला होईना. निंबाचा मोहर वाऱ्यानं खाली पडत होता. मी वाट बघत राहिले. मला मुळीच घाई नव्हती.

मग फाटकाकडून आवाज आला. लाजरसकाका फार म्हातारे झाले होते, त्यांना आता धरून आणावं लागायचं, पण चुलीपाशी दुसऱ्या कुणाला बसू देत नसत.

"खरोखर उठला आहे," काका नव्या कबरीकडं बघत म्हणाले. "आणि राहेल, चहा झालाय."

मी डोळे पुसले, आणि हाक दिली.